टायरचा धूर म्हणजे वेग नव्हे! ड्रॅग स्ट्रिपवर ‘बर्नआऊट’ नेमका कशासाठी करतात?

गाडी जागेवर उभी, चाके गरगर फिरत आहेत, टायरखालून पांढऱ्या धुराचा लोट उठतो आहे आणि भोवती मोबाइल उंचावलेली गर्दी. असे रील आता कोणालाच नवे नाही. लग्नाची वरात, मित्राचा वाढदिवस, नव्या गाडीची डिलिव्हरी, रात्रीचा रिकामा रस्ता; निमित्त कोणतेही चालते. या प्रकाराला ‘बर्नआऊट’ म्हणतात आणि तो ड्रॅग रेसिंगमधून आला आहे. तिथे मात्र तो काही सेकंदांत उरकायचा तयारीचा भाग असतो. रस्त्यावर येताना त्यातली तयारी गळून पडली आणि धूर तेवढा उरला. म्हणूनच बर्नआऊटमागचे विज्ञान समजून घ्यायला हवे. ते समजले की रस्त्यावर टायर जाळण्यात धोका तर आहेच, पण गाडीला त्याचा काडीचाही उपयोग नाही, हेही लक्षात येते.

ड्रॅग रेस म्हणजे काय?

दोन गाड्या, एक सरळ पट्टी आणि उभ्या स्थितीतून सुरुवात. जी आधी पलीकडे पोहोचेल ती जिंकली. पारंपरिक अंतर पाव मैल, म्हणजे १,३२० फूट किंवा सुमारे ४०२ मीटर. अमेरिकेत या खेळाचे नियमन करणारी ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ (एनएचआरए) ही संस्था वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये स्थापन केली. तिच्या सर्वात वेगवान ‘टॉप फ्युएल’ आणि ‘फनी कार’ या गटांचे अंतर २००८ मध्ये १,००० फुटांवर आणले गेले. त्या वर्षी जूनमध्ये न्यू जर्सीतील इंग्लिशटाऊन येथे स्कॉट कलिटा या चालकाचा मृत्यू झाला होता, त्यानंतरचा हा निर्णय.

टॉप फ्युएल गाडीच्या इंजिनाची ताकद ११,००० अश्वशक्तीच्या घरात असते. १,००० फूट, म्हणजे साधारण ३०५ मीटर अंतर ती चार सेकंदांच्या आत कापते आणि तेवढ्यात ताशी ५०० किलोमीटरचा वेग ओलांडते. एवढी ताकद जमिनीला भिडते ती फक्त मागच्या दोन टायरमधून. त्यामुळे इंजिन बांधणे हा या खेळाचा निम्माच भाग. इंजिनाची ताकद टायरमधून रस्त्यावर उतरवणे हा उरलेला निम्मा, आणि बहुतेक शर्यती तिथेच हरल्या जातात.

ताकद असूनही गाडी पळत का नाही?

गाडी पुढे जाते ती टायर रस्त्याला मागे ढकलतो म्हणून. टायर किती जोराने ढकलू शकेल हे दोन गोष्टींवर ठरते. एक, त्या टायरवर किती भार आहे आणि दोन, रबर व रस्ता यांच्यात किती पकड आहे. इंजिनाने या मर्यादेपेक्षा जास्त जोर लावला की चाक जागेवर फिरू लागते. थोडेसे घसरणे चालते. किंबहुना टायरची सर्वाधिक पकड किंचित घसरतानाच मिळते. पण चाक पूर्ण सुटले की पकड कमी होते आणि ताकद धुरात जाते.

गाडी पुढे झेपावते तेव्हा भार मागच्या चाकांवर जातो. बसने अचानक वेग घेतला की उभे प्रवासी मागे झुकतात, तसेच. मागच्या चाकांवर चालणाऱ्या म्हणजे रीअर व्हील ड्राइव्ह गाडीला याचा फायदा मिळतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत मात्र ज्या चाकांना ओढायचे आहे त्यांच्यावरचाच भार हलका होतो.

एक ढोबळ हिशेब पाहू. रीअर व्हील ड्राइव्ह गाडीचे ४५ टक्के वजन मागे आहे. गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच आणि दोन चाकांच्या आसांमधील अंतर २.७ मीटर आहे. टायरच्या पकडीचा गुणांक १ असेल, तर ही गाडी गुरुत्व त्वरणाच्या साधारण ०.५५ पट त्वरण घेऊ शकते. गुणांक दीडवर नेला तर हाच आकडा ०.९३ होतो. पकड वाढली ५० टक्क्यांनी, पण त्वरण वाढले ७० टक्क्यांनी! कारण वाढलेले त्वरण मागच्या चाकांवर आणखी भार आणते आणि तो भार आणखी पकड देतो.

ड्रॅग रेसिंगमध्ये पहिल्या ६० फुटांची, म्हणजे १८.३ मीटरची वेळ स्वतंत्रपणे मोजतात. वरच्या हिशेबाने ती २.६ सेकंदांवरून २ सेकंदांवर येते. इंजिनाला हातही न लावता ०.६ सेकंद वाचले. उशिरा सुटलेली गाडी पुढचे सगळे अंतर मागेच धावते. म्हणून जाणकार चालक वेळेच्या चिठ्ठीवर शेवटच्या वेगाआधी ६० फुटांचा आकडा पाहतात.

बर्नआऊटने नेमके काय होते?

तीन गोष्टी होतात. पहिली, टायर स्वच्छ होतो. पार्किंगमधून सुरुवातीच्या रेषेपर्यंत येताना टायरला धूळ, बारीक खडी, रबराचे कण चिकटलेले असतात. बर्नआऊटमध्ये तो थर निघून जातो आणि खालचे ताजे रबर वर येते.

दुसरी, रबर तापते. थंड रबर कडक असते. तापले की ते मऊ होते, रस्त्याच्या बारीक खाचाखोचांमध्ये शिरते आणि पृष्ठभागाला चिकटते. शर्यतीच्या टायरचे रबर मुद्दाम असे बनवलेले असते की ते तापल्यावरच खरी पकड देते. या टायरला ‘स्लिक’ म्हणतात. त्यावर नक्षी नसते. आपल्याकडच्या भाषेत जन्मजात ‘गोटा’ टायर! आपल्या गाडीचा टायर झिजून गोटा होतो तेव्हा त्याचे रबर जुने आणि कडक झालेले असते. त्यामुळे स्लिक आणि झिजलेला टायर यांत दिसण्यापलीकडे काही साम्य नाही.

तिसरी गोष्ट प्रेक्षकांच्या लक्षात येत नाही. बर्नआऊट करत गाडी पुढे सरकते तेव्हा ती पट्टीवर स्वतःच्या रबराचे दोन पट्टे उमटवते. मोठ्या गटांतील गाड्या बर्नआऊटनंतर रेषेच्या पुढे जातात आणि मग मागे येतात. त्या वेळी संघातील माणूस समोर उभा राहून हातांनी खुणा करतो आणि गाडीला तिच्याच पट्ट्यांवर मागे आणतो. ताज्या रबरावर ताजे रबर चांगले चिकटते.

पकड वाढवायची, मग पाणी कशाला?

सुरुवातीच्या रेषेमागे पाणी टाकलेली एक जागा असते. तिला ‘वॉटर बॉक्स’ म्हणतात. जुने लोक अजूनही ‘ब्लीच बॉक्स’ म्हणतात, कारण पूर्वी तिथे कपड्यांचे ब्लीच ओतले जायचे. पुढे ब्लीचची जागा साध्या पाण्याने घेतली.

पाण्याचे काम एवढेच की चाके फिरायला सुरुवात सहज व्हावी. कोरड्या, चिकट पट्टीवर स्लिक टायर फिरवायला गेले तर क्लच, अ‍ॅक्सल आणि गिअरबॉक्सवर भयंकर ताण येतो. ओल्या जागी चाके सहज सुटतात. काही क्षणांत पाणी फेकले जाते, उरलेले वाफ होऊन जाते आणि मग रबर तापू लागते. पांढरा धूर दिसू लागणे ही टायर तापल्याची खूण आहे, म्हणजेच आता थांबायची.

बर्नआऊट करण्याची पद्धत काय?

चालक वॉटर बॉक्समधून गाडी हळू पुढे नेतो आणि टायर ओले झाले की पाण्याच्या किंचित पुढे थांबतो. ‘लाइन लॉक’ नावाच्या झडपेने फक्त पुढचे ब्रेक धरून ठेवतो. मागची चाके मोकळी राहतात. मग सहसा दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये चाके फिरवतो. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचे आवर्तन लगेच कमाल मर्यादेला जाते, पण चाकाचा वेग कमीच राहतो. वरच्या गिअरमध्ये टायर वेगाने फिरतो, पाणी झटकले जाते आणि उष्णता लवकर येते.

धूर दिसू लागला की लाइन लॉक सोडायचा आणि चाके फिरत असतानाच गाडी पुढे काढायची, म्हणजे ती ओल्या जागेतून बाहेर पडते. मग वेळ न घालवता प्रकाशकिरणांच्या रेषेत यायचे. चाक पहिल्या किरणात आले की ‘प्री-स्टेज’ दिवा लागतो, थोडे पुढे सरकले की ‘स्टेज’. त्यानंतर पिवळे आणि मग हिरवा. दिव्यांच्या या खांबाला ‘ख्रिसमस ट्री’ म्हणतात. तो १९६३ पासून वापरात आहे. इथे रेंगाळले तर टायर थंड होतो आणि बर्नआऊट वाया जातो.

जास्त धूर म्हणजे जास्त पकड का?

नाही. किती तापवायचे ते टायर ठरवतो. मोठ्या स्लिकला दमदार बर्नआऊट लागतो. रस्त्यावरही चालणाऱ्या ‘ड्रॅग रेडियल’ टायरला त्यापेक्षा कमी पुरतो. आणि रोजच्या वापराच्या नक्षीदार टायरला तर बर्नआऊट जवळपास नकोच. त्याचे रबर हजारो किलोमीटर टिकावे, पावसात पाणी कापावे यासाठी बनलेले असते. ते फार तापले की पृष्ठभाग तेलकट होतो आणि पकड उलट घटते.

म्हणूनच साध्या टायरच्या गाडीने वॉटर बॉक्स टाळून बाजूने जावे, असा ड्रॅग स्ट्रिपवरचा शिरस्ता आहे. नक्षीच्या खाचांत पाणी अडकते आणि ते नेमके सुरुवातीच्या रेषेवर ठिबकते. स्वतःची सुरुवात तर बिघडतेच, मागून येणाऱ्याचीही बिघडते. अशा गाडीने कोरड्या जागी क्षणभर चाके फिरवून धूळ झटकली की पुरे.

रीलमध्ये दिसणारी जवळपास प्रत्येक गाडी याच गटातली असते. म्हणजे ज्या टायरला बर्नआऊटची गरज सर्वात कमी, त्याच टायरचा धूर मोबाइलवर सर्वाधिक दिसतो.

मग खरी पकड कुठून येते?

पकडीचा मोठा भाग गाडी रेषेवर येण्याआधीच ठरलेला असतो. सर्वात आधी पट्टी. व्यावसायिक ड्रॅग स्ट्रिपचा पृष्ठभाग आधी खरवडून स्वच्छ करतात, त्यावर राळेसारखे चिकट रसायन फवारतात आणि ट्रॅक्टरमागे टायर ओढून रबराचा थर चढवतात. नीट तयार केलेल्या पट्टीवर चालताना पायातले बूट चिकटतात. पट्टीचे तापमानही मोजले जाते, कारण सकाळच्या गारव्यात आणि दुपारच्या उन्हात तीच पट्टी वेगळी वागते.

दुसरे, टायरमधील हवा. रस्त्यावरच्या कारच्या टायरमध्ये साधारण ३० ते ३५ पीएसआय हवा असते. ड्रॅग स्लिकमध्ये ती बरीच कमी ठेवतात आणि टॉप फ्युएलच्या मागच्या टायरमध्ये तर १० पीएसआयपेक्षाही कमी. हवा कमी असल्याने टायर जमिनीला जास्त टेकतो. गाडी सुटताना त्याच्या भिंतीला सुरकुत्या पडतात आणि तो झटका शोषून घेतो. हा प्रयोग साध्या टायरवर करून महामार्गावर जाणे मात्र जिवावर बेतू शकते. कमी हवेचा साधा टायर आतून तापतो आणि फुटतो.

तिसरे, सस्पेन्शन. गाडीचा भार मागे किती लवकर आणि किती हळुवार जातो हे त्यावर ठरते. चौथे, क्लच. टॉप फ्युएल गाडीत नेहमीसारखा गिअर बदलण्याचा प्रकारच नाही. तिथे क्लच टप्प्याटप्प्याने पकडत जातो, म्हणजे टायर जेवढे पेलू शकेल तेवढीच ताकद त्याला मिळते. पाचवे, चालकाचा पाय.

पकड जास्त झाली तरी अडचण येते. इंजिनाला सुरुवातीला थोडे घसरू दिले नाही तर आवर्तन कोसळते आणि गाडी गुदमरते. किंवा ताकदीला वाट न मिळाल्याने अ‍ॅक्सल तुटतो. इंजिन, टायर, पट्टी यांचा मेळ बसवणे ही या खेळाची खरी कसोटी आहे. त्यात बर्नआऊट हा शेवटचा हात फिरवण्यासारखा. भिंतीला लिंपणच नसेल तर रंगाचा शेवटचा हात काय कामाचा?

आपल्या गाडीला किंवा बाईकला फायदा होतो का?

आपल्याकडील बहुतेक हॅचबॅक आणि अनेक छोट्या एसयूव्ही पुढच्या चाकांवर चालतात. वरचाच हिशेब अशा गाडीसाठी केला, पुढे ६० टक्के वजन धरले, तर पकडीचा गुणांक एकवरून दीडवर नेल्यावर त्वरण ०.५१ वरून ०.७ पर्यंतच जाते. शिवाय साध्या हॅचबॅकचे इंजिन टायरच्या पकडीवर मात करते ते फार तर पहिल्या गिअरमध्ये, क्लच झटक्यात सोडल्यावर. पुढे इंजिनाचीच ताकद कमी पडते. जिथे पकड कमी पडतच नाही तिथे ती वाढवून काय मिळणार?

बाईकची गोष्ट आणखी वेगळी. बाईक उंच आणि लांबीने आखूड असते. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर ताकदवान बाईक जोरात सोडली तर मागचे चाक घसरण्याआधी पुढचे उचलले जाते. म्हणजे मर्यादा पकडीची नसून तोल जाण्याची आहे. म्हणूनच ड्रॅग बाईक बुटक्या करतात, मागचा स्विंगआर्म लांब करतात, मोठ्या गटांत मागे ‘व्हीली बार’ लावतात. १५० सीसीच्या रोजच्या बाईकला तर दोन्ही मर्यादा दूरच्या. तिने पुढचा ब्रेक दाबून मागचा टायर जाळला तर चालकाच्या हाती फक्त नव्या टायरचे बिल येते.

फोर व्हील ड्राइव्ह आणि इलेक्ट्रिक गाड्यांनी चित्र आणखी बदलले आहे. ताकद चारही चाकांत वाटली गेली किंवा संगणक सेकंदाच्या छोट्या भागात मोटरचा जोर कमी-जास्त करू लागला की साध्या रस्त्यावरही चाके फारशी सुटत नाहीत. झटपट सुटणाऱ्या आजच्या अनेक गाड्या धुराविना सुटतात.

रस्त्यावर बर्नआऊट केला तर काय होते?

आधी यंत्राचे. साध्या डिफरेन्शिअलच्या गाडीत अनेकदा एकच चाक फिरते आणि दुसरे जागेवर राहते. अशा वेळी फिरणाऱ्या चाकाचा वेग सरासरीच्या दुप्पट असतो. गिअरबॉक्सवरून वेग मोजणाऱ्या गाडीत काटा १०० दाखवत असेल तर ते चाक ताशी २०० किलोमीटरच्या वेगाने फिरते आहे! टायरवर ‘टी’ हे वेगाचे अक्षर असेल तर त्याची मर्यादा १९० असते. टायर फुटला तर रबराचे आणि तारांचे तुकडे सुटतात. रील काढणारे मित्र नेमके त्याच बाजूला, धुरापासून दोन पावलांवर उभे असतात. ड्रॅग स्ट्रिपवर प्रेक्षक आणि गाडी यांच्यात भिंत असते, ती याचसाठी. ब्रेकवरचा पाय निसटला, एक चाक अचानक पकडले तर गाडी कोणत्या दिशेला झेप घेईल ते चालकाच्या हातात राहत नाही.

मग कायद्याचे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ नुसार धोकादायक वाहन चालवण्यासाठी पहिल्या गुन्ह्यात सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय शर्यत लावणे हा कलम १८९ खाली गुन्हा आहे. त्यात पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, पुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. भारतीय न्याय संहितेचे बेदरकार वाहन चालवण्याचे कलम २८१ त्याशिवाय. वाहन विम्याच्या अटींतही शर्यत आणि वेगचाचणी सहसा वगळलेली असते.

केवळ दंडाने हे थांबेल का?

थांबणार नाही. आणि इथे ड्रॅग रेसिंगचा इतिहास उपयोगी पडतो. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात तरुण जुन्या गाड्यांना तगडी इंजिने बसवून रात्री रस्त्यांवर शर्यती लावत होते. अपघात होत होते, पोलिस पकडत होते, पुन्हा शर्यती होत होत्या. १९५० मध्ये सांता आना येथील विमानतळाच्या न वापरातील पट्टीवर रीतसर ड्रॅग शर्यती सुरू झाल्या. १९५३ मध्ये एनएचआरएने पोमोनाच्या जत्रेच्या मैदानावर, वाहनतळाच्या जागेत आपली पहिली अधिकृत शर्यत भरवली. पुढच्याच वर्षी संस्थेचे छोटे पथक गावोगावी जाऊन पट्टी कशी आखायची, गाड्या कशा तपासायच्या, वेळ कशी मोजायची हे शिकवू लागले. त्या पथकात पोमोनाच्या पोलिस खात्यातून आलेले बड कून्स होते. पोलिसांनी पकडायचे आणि तरुणांनी पळायचे, या खेळातून दोघांनीही बाहेर पडण्याची ती वाट होती.

त्याने रस्त्यावरच्या शर्यती संपल्या नाहीत. अमेरिकेत त्या आजही होतात. पण वेगाची हौस असणाऱ्याला ‘इथे ये, हेल्मेट घाल, गाडी तपासून घे आणि पळव’ असे सांगण्याची जागा निर्माण झाली.

महाराष्ट्रात अशी जागा आहे का?

धावपट्टीवर ड्रॅग रेस ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’ ही ड्रॅग शर्यत भरवली गेली आहे आणि तिथे राज्यभरातून, देशभरातून गाड्या-बाईक आल्या आहेत. चेन्नईजवळच्या सर्किटवर बाईकची राष्ट्रीय ड्रॅग स्पर्धा होते. देशातील मोटरस्पोर्टचे नियमन करणारी एफएमएससीआय ही संघटनाही आहे. अडचण अशी की हे सारे मोजक्या दिवसांपुरते आहे. मोठी शर्यत बहुधा त्यांच्यासाठी असते ज्यांच्याकडे गाडीवर खर्च करायला लाखो रुपये असतात. रात्री रिकाम्या रस्त्यावर टायर जाळणाऱ्या विशीतल्या मुलाकडे हप्त्यावर घेतलेली बाईक असते.

याच राज्यात चाकण आहे, पिंपरी-चिंचवड आहे, पुण्यात एआरएआय आहे. पुण्या-मुंबईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील मुले स्वतः बांधलेली रेस कार घेऊन कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर ‘फॉर्म्युला भारत’मध्ये उतरतात. तिथे ७५ मीटर सरळ पळण्याची चाचणी असते, म्हणजे एक छोटी ड्रॅग रेसच. गाड्या बनवणाऱ्या राज्यातल्या मुलांना उभ्या गाडीची सुरुवात मोजायला तमिळनाडूपर्यंत जावे लागते, हे काही भूषणावह नाही.

मागणी मोठी नाही. पाव मैलाचा कायमचा ट्रॅक लगेच बांधा, असेही नाही. पावसाळा सोडून वर्षात काही रविवार, एखादी कमी वापरातली धावपट्टी किंवा चाचणीचा सरळ रस्ता. पहिले ६० फूट आणि पुढचे २०० मीटर मोजणारी यंत्रणा. थांबण्यासाठी पुरेसे अंतर, दोन्ही बाजूंना अडथळे, रुग्णवाहिका, अग्निशमन. गाडीची तपासणी, हेल्मेटची सक्ती आणि परवडेल असे शुल्क. परिवहन विभाग, पोलिस आणि मोटरस्पोर्ट क्लब यांनी मिळून हे करता येण्यासारखे आहे.

यावर आक्षेप येतो की असे केल्याने वेगाच्या वेडाला सरकारी मान्यता मिळेल. तो उडवून लावण्यासारखा नाही. ज्यांना गर्दीसमोर मिरवायचे आहे ते धावपट्टीवर येणारच नाहीत. त्यांच्यासाठी कलम १८४ आणि वाहन जप्ती हाच उपाय, तोही सातत्याने. पण ज्यांना खरोखर ‘माझी गाडी किती पळते?’ हे पाहायचे आहे, त्यांना आज एकच जागा उपलब्ध आहे. तीच जागा भाजीचा टेम्पो, रात्रपाळीहून परतणारा कामगार आणि दूधवाला वापरतात.

धावपट्टीवर आणखी एक गोष्ट मिळते, वेळेची छापील चिठ्ठी. रीलमध्ये धूर किती मोठा ते दिसते, गाडी किती पळाली ते दिसत नाही. दोन-अडीच मिनिटे टायर जाळून रेषेवर आलेल्या मुलाला शेजारच्या पट्टीतली, नीट हवा तपासलेली, हळुवार क्लच सोडलेली साधी गाडी पहिल्या ६० फुटांतच मागे टाकते. हातात चिठ्ठी येते आणि त्यावर आकडा असतो. पुढच्या फेरीला तो मुलगा धुराबद्दल विचारत नाही. टायरमध्ये हवा किती ठेवू, क्लच कुठे पकडतो, असे विचारतो. हे प्रश्न विचारणारी मुले राज्याला हवी असतील, तर ते विचारण्याची सुरक्षित जागाही राज्यानेच द्यायला हवी.